चपलांजवळची जागा

तिथं नगा बसू, पावनं. ती जागा माझी हाय. म्होरं सरा जरा, खांबाला टेकून बसा निवांत. म्हाराज आत पडल्यात, सांजच्या प्रार्थनेला उठतील, तवा दर्शन हुईल. न्हाई, राग कशाचा? नव्या मानसाला काय ठावं! दिसायला चपला सोडायची जागा, खाली धूळ, येता-जाता कुनाचातरी पाय लागतोय — पर ह्या मठात हीच मोठी जागा. कुंडल गावात कुनालाबी इचारा, चपलांजवळ कोन बसतंय? हवालदार आकाराम. बावीस वर्सं. पल्टनीत हुतो तीबी धरून — रजेवर आलो की पेटी घरात टाकायच्या आधी हितं यिऊन बसायचो. पेन्शनीत आल्यापास्नं तर रोजची ड्यूटीच.

म्हाराजच एकदा म्हनले हुते — जो शेवटी बसंल त्यो मला सगळ्यांत जवळचा. झालं! दुसऱ्या दिवशी म्होरं बसायला कोन तयार न्हाई. बागायतदार, मास्तर, सोसायटीचा चेरमन — सगळी मागं मागं सरकत भितीला पाठी घासायला लागली. आन् मी? मी दुपारीच यिऊन चपलांत बसलो हुतो. चेरमननं एकदा माझ्या आधी टावेल टाकून ठिवला — उचलला आन् हिरीकडं भिरकावला. नम्रता म्हंजी काय खेळ हाय व्हय? सोळा एकर ऊस हाय माझा, छातीला दोन मेडलं हायती, आन् तरी मी लोकांच्या चपला जोडीनं लावतो. प्रार्थनेत शेवटी समदी म्हनत्यात, मी तुमच्या दारचा धोंडा — म्हनत्यात समदी, पर धोंडा होऊन बसतंय कोन? मी! सांगा, माझ्यापरास बारका हाय का कोन हितं?

मग त्यो आला. धुळा. दुष्काळाच्या साली, जतकडनं, मेंढरं हाकत. निम्मी वाटंत मेली हुती. अंगाला वास, निम्मं बोलनं कानडी. आन् बसला कुठं? आत न्हाईच आला. भायेर, चिचंखाली, मेंढरांत. म्हनला, माझ्या अंगाचा वास येतोय, बाकीच्यास्नी तरास नगं. मी म्हनलं, लय शाना हाईस, तिथंच बस. प्रार्थना झाली. म्हाराजांनी डोळं उघडलं. रोज ती नजर फिरत फिरत माझ्यापाशी यिऊन थांबायची बघा — त्या दिशी ती माझ्या डोक्यावरनं गेली. पार चिचंपतोर. म्हनले, शेवटी कोन बसलंय त्यो?

काय झालं आसंल माझं? दुसऱ्या दिशी पोतं घेतलं आन् त्येच्या मेंढरांच्याबी मागं जाऊन बसलो. खरं सांगतो, लेंड्यांत बसलो. तर ह्यो उठून आला, माझ्या पाया पडला, आन्ना तुमी हितं कशाला म्हनला, आन् सोता काट्यांच्या कुपाटीच्या पल्याड जाऊन बसला. लबाड! — न्हाई, लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला मी पुरून उरलो असतो. त्येला ठावंच न्हवतं. जागंची किंमतच ठावी न्हवती त्येला!

पुढं पाय दाबायलाबी त्योच. मेंढरं कातरून, लोकरीच्या तेलानं हात मऊ झाल्यात म्हनं. मी दाबायला लागलो की म्हाराज म्हनायचे, आकाराम, हळू रं, बंदूक न्हाई ती. आन् त्येनं हात लावला की लेकरागत झोपायचे. हे समदं मी दारातनं बघायचो. जळायचो, पावनं. लपवून काय करू, आतनं जळायचो.

आता? गेला की त्यो. तीन वर्सं झाली. गेला म्हंजी — आज्ञाच झाली तशी. बारा वर्सं ह्या गावात पाय टाकायचा न्हाई. आता कुनी सांगितली म्हंजी? मी सांगितली. म्हाराजांचे निरोप समदे मीच पोचिवतो. म्हाराज तसं म्हनले का? आता — तोंडानं समदं म्हनायलाच पायजे व्हय? मनात आसंल त्येंच्या. एवढ्या वर्सांत मला त्येंचं मन कळत न्हाई?

बरं, न्हाई म्हनले. मीच म्हनलो. पर ऐका तरी — त्येनं का म्हनून इचारलंबी न्हाई! उंबऱ्याला डोकं लावलं, मेंढरं हाकली, चालला. मला म्हाराज म्हनले असते जा, तर मी धा येळा इचारलं असतं, चेरमनला मधी घातला असता, हितंच आडवा पडलो असतो. ह्यो गप गेला. एक इचारलं असतंस गड्या, एकदा म्हाराजांपाशी जाऊन रडला असतास, तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. तेच सलतंय मला. त्येला घालवला, आन् जाता जाता त्यो आनि एक पायरी माझ्या खाली गेला.

म्हाराज रोज इचारत्यात, धुळा कुठं हाय रं? मी म्हनतो, मेंढरामागची मानसं, गेला आसंल चाऱ्यामागं. पाय सुजल्यात त्येंचं. डाक्टर म्हनतोय, एवढा पावसाळा निघायचा न्हाई. मी हात लावाय गेलो तर म्हनत्यात, ऱ्हाऊ दे आकाराम, त्यो आल्यावर दाबंल.

असं का बघताय? कुठलं म्हनला गाव? — कोयनानगर. धरनावर कामाला. मग एवढ्या लांबनं हितं कसं? — आं? कुनी धाडलं?

त्यो तिथं हाय?

रोज सांजंला हिकडं तोंड करून... समदी प्रार्थना? आन् तुमाला काय इचारायला सांगितलं? आज्ञा उठली का म्हनून? — आनि? — चपलांजवळ हवालदारआन्ना बसलं असत्याल, पयलं त्येंच्या पाया पड, त्येंच्या तोंडनं मला गुरूची आज्ञा गावली —

आवं न्हाई! उठा! पाया नगा पडू माझ्या. मी काय बोललो ते — म्हाताऱ्याची बडबड हुती, ध्यानात धरू नगा. आत कुठं निगाला? थांबा. थांबा म्हनतो न्हवं!

जी म्हाराज! — न्हाई जी, कोन न्हाई. वाटसरू हाय, पानी मागत हुता.

जावा पावनं. एस्टी चुकंल. त्येला म्हनावं, आज्ञा हाय तशीच हाय. नऊ वर्सं ऱ्हायली म्हनावं.