मिलेनाच्या आईचा ताप

बर्गनच्या बसमध्ये दानूताच्या मागच्या सीटवर मायलेकी पोलिशमध्ये बोलत होत्या. दानूताही पोलिशच, पण नॉर्वेत आल्यापासून चारचौघांत तिने ती भाषा कधी तोंडातून काढली नव्हती.

“आई, हळू बोल ना.”

“का गं? शिव्या देतेय का मी? काल शाळेत पालकांना बोलावलं होतं?”

“कोण म्हणालं?”

“शेजारीण. मी का आले नाही, विचारत होती.”

“मी बाईंना सांगितलं, आईला ताप आलाय.”

“ताप?”

“तू नॉर्वेजियन बोललीस की मुलं हसतात, आई.”

“अगं, मी घोकून ठेवलं होतं. ‘नमस्कार, मी मिलेनाची आई.’ एवढं तरी येतं मला. थांब, पुढच्या बाईंनाच काहीतरी विचारते. त्या हसतात का बघू.”

“आई, नको!”

दानूताच्या खांद्यावर बोट टेकलं. “माफ करा... बाजार... उतरणे... कुठे?”

“पुढच्या स्टॉपवर,” दानूता अस्खलित नॉर्वेजियनमध्ये म्हणाली.

“बघितलंस, मिलेना? कळलं त्यांना! हसल्याही नाहीत. किती चांगली असतात गं ही इथली माणसं.”

उतरल्यावर त्या आईने काचेबाहेरून हात हलवला. दानूताला तिच्याकडे बघवेना.