दादाला बोललो तेव्हा

आम्ही वसईचे, बागायतवाले. बाबा लवकर गेले, मला वाढवलं ते पास्कूदादाने, माझ्या मोठ्या भावाने, शाळेत त्यानेच घातलं, इकडे सिडनीला बोलावलंही त्यानेच, पंचाहत्तरच्या सुमाराला, सुरुवातीला राहिलो तेसुद्धा त्याच्याच घरी, वेंटवर्थव्हिलला. आता अशा माणसाला मी बोलायचं, काय सांगू तुम्हाला, जीभच उचलत नाही.

झालं असं, त्याची पोरगी लीना, युनिव्हर्सिटीत शिकायची, तिला लग्नाआधी दिवस गेले आणि दादाने तिला घराबाहेर काढली. वहिनी रडून रडून आजारी पडली. आणि हाच दादा दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला उभा राहून बायबलचं वाचन करायचा, क्षमेचं, प्रेमाचं, आवाज एकदम खणखणीत, आणि मी मागच्या बाकावर दातओठ खात बसायचो.

फादरना म्हटलं, मी त्याला सगळ्यांपुढे बोलणार. फादर म्हणाले, बोल, पण बोलताना मजा येणार आहे का तुला? म्हटलं, हो, येणार. मग थांब, म्हणाले, मजा वाटेनाशी झाली की जा, एकटा जा, भाऊ परत मिळवायला जा.

थांबलो. फॅक्टरीत शिफ्टला उभा असलो तरी तेच डोक्यात. शेवटी एका आर्व्होला, दुपार कलल्यावर, गेलो, दादा मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होता. म्हटलं, दादा, बापासारखं सांभाळलंस म्हणून सांगतो, लीनाचं चुकलं असेल, पण तिला हाकललंस हे तुझं पाप आहे. तो म्हणाला, माझ्या घरात वाढलास आणि मलाच धर्म शिकवतोस? नीघ. निघालो, गाडीत बसून रडलो, मजा कसली आलीय.

दोन नाताळ बोलणं नाही. वाचनाला उभं राहणं मात्र त्याने आपणहून सोडलं. मग एकदा मिस्सानंतर वहिनी आली, म्हणाली, लीना कुठे राहते ते तुझे दादा विचारतायत. मला ठाऊक होतं. मीच गाडी काढली, दादाला वुलनगाँगला तिच्या दारापर्यंत नेलं. लीनाने दार उघडलं, कडेवर पोर. दादा उंबऱ्याबाहेरच उभा, तर तीच म्हणाली, डॅड, कम इन, चहा टाकते.

आता लीना बापाकडेच असते, नातू घरभर धावतो. माझ्याशी मात्र दादा अजून पाहुण्याशी बोलावं तसं बोलतो. बस म्हणतो, जेवून जा म्हणतो, पण पूर्वीसारखं, काय रे जॉनी, म्हणून पाठीत धपका घालत नाही. मीही थकलो, समजूत काढायला जात नाही. असू दे. देव त्या घराला सुखी ठेवो. लीनाला सोडायला कधी गेलो तर मी गेटवरूनच हात करतो आणि निघतो.