ट्रंक कॉलवरचं गाणं

फोनवर गाणी ओळखायचा खेळ आम्ही कधीच खेळून बसलोय भो! जळगावात शेठ घरी जेवायला गेले की मी त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधून धुळ्याला ट्रंक कॉल लावायचो, टेपरेकॉर्डर फोनपाशी धरायचो आणि गाण्याच्या सुरुवातीचं नुसतं म्युझिक ऐकवायचो. तिकडं आमच्या दोस्तानं, सुभाषनं, गाणं ओळखायचं. ओळखलं तर भरीत-पुरी माझ्याकडून, चुकला तर त्याच्याकडून.

चार वेळा मीच खाऊ घातलं. अन् सुभाष कसा? भजनात टाळी चुकवणारा गडी! याला येतं कसं, या विचारानं मला घास गोड लागेना. एवढं ध्यानात आलं होतं की म्युझिक संपलं की लाइनीत खट् व्हायचं, घडीभर सामसूम, परत खट्, अन् मग पठ्ठ्याचं उत्तर.

पाचव्या वेळी मी पेटीवर मनाला येईल तशी बोटं आपटून एक टेप भरली अन् तीच लावली.

"वळख भो!"

या वेळी खट् झालंच नाही. कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर बाई माझी लाइन बंद करायला विसरल्या अन् थेट बोलल्या, "सुभाषभाऊ, हे काही मला ओळखू येत नाही. आणि चार वेळचा माझा भरिताचा डबा कुठं आहे?"

सुभाषनं धाडकन फोन ठेवला. बाई मात्र लाइनीवरच.

"भाऊ, झालं ते झालं. पण ते गाणं कोणत्या पिक्चरचं हो?"

म्हटलं, "ओळखा ताई. हरलात तर भरीत तुमच्याकडून!"