बंद होऊ न दिलेली विहीर

मंडळी, सुमित्राताईंना श्रद्धांजली वाहायला आपण सगळे आलात. नाटे गावाहून त्यांच्या घरची माणसं आली आहेत. मला बोलायला सांगितलंय, आणि अशा वेळी मला बोलणं जमत नाही. एका तेल कंपनीत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं, एवढाच माझा अधिकार.

काल त्यांचे थोरले भाऊ, आपले दादा, मला म्हणाले, "आमची सुमी दगड बघायची, इतकंच आम्हाला ठाऊक. ती नक्की करायची काय हो?"

दादा, तेच सांगतो.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. वाळूच्या दगडात, कणांमधल्या फटींत असतं. विहीर खणली की आम्ही यंत्र खाली सोडतो आणि दगडातून वीज किती जाते ते बघतो. खाऱ्या पाण्यातून जाते. तेलातून जात नाही. एका विहिरीत ती सहज गेली. सगळे म्हणाले, पाणीच आहे, बंद करा.

ताई तेव्हा नव्या होत्या. आमच्या साहेबांना म्हणाल्या, "सर, खालून काढलेला दगड मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलाय. वाळूच्या कणांवर चिकणमातीचा थर आहे. पाणी त्या मातीने धरून ठेवलंय, वीज त्यातूनच जाते, पण ते हलणार नाही. मधल्या फटींत तेल असू शकतं."

"असू शकतं? आहे म्हणा, म्हणजे मी वर सांगतो."

"तसं मला म्हणता येणार नाही. चाचणी घ्या. फक्त गोडं पाणी आत सोडू नका. ही माती फुगते, फटी बुजतील."

आहे म्हणाल्या असत्या तर सोपं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. तरी साहेबांनी चाचणी लावली.

पहिल्या दिवशी गढूळ पाणी आलं. कोणी त्यांच्याशी बोललं नाही. त्यांनी डबा उघडला आणि मला विचारलं, "भाजी घेणार?" दुसऱ्या दिवशी तेल आलं. फार नाही. पण ती विहीर पुढे बरीच वर्षं चालली.

नंतर एका विहिरीवर सगळे त्यांच्याकडे आशेने बघत होते. दगड पाहून त्या म्हणाल्या, "इथे मातीने फटीच भरल्यात. तेल असलं तरी वाहणार नाही." त्याच साहेबांनी काही न विचारता सही केली आणि विहीर बंद केली.

दादा, तुमची बहीण हे काम करायची.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कोणीच काही बोलायला नको.

ताई, नमस्कार.