सामानाच्या लिफ्टने, एकेक मजला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या कप्तानबाई, आणि खालच्या, मधल्या नि वरच्या मजल्यांवरून इथे जमलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलंय, "काकू, थोडक्यात आवरा." तर मी आधीच सांगून ठेवते, मी थोडक्यात आवरणार नाहीये. त्याला कारण आहे. ते शेवटी सांगेन.

आपल्या या इमारतीत आमच्या मुलाने घर घेतलं तेव्हा ही जगातली सगळ्यांत उंच इमारत होणार होती. घराच्या किल्ल्या हातात येईपर्यंत दुसऱ्या कुठल्या तरी देशाने आपल्यापेक्षा उंच बांधली. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. खालच्या हॉलमध्ये जगातल्या उंच इमारतींची चित्रं ओळीने लावली आहेत, त्यात आपली दुसरी होती, मग तिसरी झाली, आता कितवी आहे ते मी बघायचं सोडून दिलंय. आमचे हे मात्र खूश झाले होते. म्हणाले, "चला, तेवढीच उंची कमी झाली." आता, दुसऱ्याने उंच बांधली म्हणून आपली कशी बुटकी होईल? पण घाबरलेल्या माणसाशी वाद कोण घालणार.

घाबरलेला माणूस म्हणजे आमचे हेच. तिथे मागच्या रांगेत, दाराजवळ बसलेत. मागे वळून बघू नका, त्यांना आवडत नाही.

राहायला आलो त्या दिवशी वारा होता. जोराचा वारा सुटला की आपल्याकडे लिफ्ट हळू चालवतात, कधी थांबवतातही, हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. त्या दिवशी आम्हाला कुठे ठाऊक होतं? लिफ्ट मध्येच थांबली, कानांत दडे बसले, आणि ह्यांनी माझा हात असा धरला की बांगडीचा वळ उठला. घरात शिरल्यावर पेल्यातलं पाणी हलताना दिसलं. ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "मी आता खाली येणार नाही." मला वाटलं, आजच्या दिवसापुरतं म्हणताहेत. वर्ष सरलं, दुसरं लागलं, तरी गृहस्थ खाली उतरले नाहीत.

बरं, मजा अशी की ह्यांची थोरली बहीण, आमच्या ताई, राहतात कुठे? इमारतीच्या पाठीमागच्या गल्लीत, बैठ्या घरात. आमच्या खिडकीतून त्यांची गच्ची दिसते, काडेपेटीएवढी. रोज सकाळी हे दुर्बीण लावून बसायचे आणि ताई गच्चीवर येऊन पिवळा टॉवेल हलवायच्या. मग फोन. "तू खाली ये." "तू वर ये." "मी मोठी आहे." "तुझे पाय धड आहेत." कारण लिफ्टची भीती ताईंनाही तेवढीच. दोघांच्या आईलाही होती म्हणे, आणि तिने तर आयुष्यात लिफ्ट पाहिलीसुद्धा नव्हती.

मग थंडीत ताई आजारी पडल्या. टॉवेल दिसेना. मी रोज जाऊन येत होते, बरं आहे म्हणून सांगत होते, पण ह्यांचा काही विश्वास बसेना. दुर्बीण मांडीवर घेऊन नुसते बसून राहायचे. एक दिवस उठले, लिफ्टपाशी गेले, बटण दाबलं. दार उघडलं. हे उभे. दार मिटलं. पुन्हा बटण दाबलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मी दारातून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. ताईंना काही झालं असतं तर हा माणूस खिडकीतून बघत राहिला असता, आणि नंतर स्वतःला कधीच माफ करू शकला नसता.

कप्तानबाईंनी ते कॅमेऱ्यात पाहिलं आणि वर आल्या. लिफ्टच्या सगळ्या कारभाराच्या त्या प्रमुख, आणि बोलण्यात किती गोड आहेत हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. धीराचा एक शब्द नाही. म्हणाल्या, "काका, दार उघडायला लावता आणि आत येत नाही. तिचा काही अपमान होतो की नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सामानाची लिफ्ट घेऊन आल्या. ती हळू चालते, प्रत्येक मजल्यावर थांबते, आणि आत त्यांनी चक्क एक स्टूल ठेवलं होतं. नियम एकच. रोज आदल्या दिवसापेक्षा एक मजला जास्त उतरायचा, समोर येईल त्या दाराची बेल वाजवायची, चहा प्यायचा आणि परत यायचं. ह्यांनी विचारलं, "अनोळखी माणसाच्या घरी चहा कसा मागायचा?" बाई म्हणाल्या, "ते तुम्ही बघा, मी लिफ्टची माणूस आहे."

तुमच्यापैकी किती जणांनी त्या चहाला दार उघडलंय, हात वर करा पाहू. बघा, अर्धा हॉल. एका मजल्यावर तर घरंच नव्हती, सगळी यंत्रं. हे नियमाला धरून तिथल्या मेकॅनिकबरोबर स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊन आले आणि रात्रभर मला पंप कसा चालतो ते समजावत बसले. आम्ही इथे राहायला येऊन इतके दिवस झाले होते, आणि शेजाऱ्यांची नावं मला ह्या घरकोंबड्या माणसाकडून कळली.

मला बजावून ठेवलं होतं, "ताईला सांगू नकोस. एकदम दारात जाऊन उभा राहीन." मी बरं म्हटलं. इकडे ताईंना बरं वाटायला लागलं होतं, आणि मीच एकदा कप्तानबाईंना त्यांच्याकडे घेऊन गेले होते. त्या आठवड्यात ताई मला म्हणतात, "मी सकाळी त्या बाईबरोबर वर चढतेय, रोज एक मजला. त्याला सांगू नकोस, टोमणे मारील." आता सांगा, माझ्या पोटात हे दोन्ही कसं मावलं असेल? सकाळी ताई चढताहेत, दुपारी हे उतरताहेत, आणि जेवताना मी आमटीकडे बघत बसलेय.

मधल्या मजल्यावरचा हा आपला हॉल आहे ना, त्याच्या बाहेर लिफ्ट बदलायची जागा आहे. तिथे एक लाकडी बाक आहे. तिथेच एके दिवशी कप्तानबाईंनी ताईंना सकाळऐवजी दुपारी आणलं आणि दोघं समोरासमोर आले. ताई म्हणाल्या, "किती वाळलास रे." हे म्हणाले, "तू कशाला वर आलीस? मी येतच होतो ना." आणि लगेच भांडण सुरू. भांडता भांडता दोघंही रडत होते. कप्तानबाई लिफ्टच्या बटणांकडे तोंड करून उभ्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी भाऊ-बहीण त्या बाकावर भेटतात. निम्मं तू, निम्मं मी, असा तह झालाय. त्यापुढे दोघांपैकी कुणी सरकत नाही. परवा कप्तानबाई इथली नोकरी सोडताना निरोप घ्यायला घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, माझं काम अर्धंच राहिलं." हे दुर्बिणीची काच पुसत बसले.

आज सकाळी मात्र ह्यांनी माळ्यावरून बाहेर जायचे बूट काढले. पॉलिश मागितलं. मी डबी पुढे केली. इतक्या वर्षांच्या संसारात कधी गप्प बसावं एवढं मला कळतं. लेस बांधताना आपणहून म्हणाले, "कप्तानबाईंना फाटकापर्यंत सोडून यावं म्हणतो. मग तिथून गल्ली काय, दोन पावलांवर." आणि मला म्हणाले, "तू जरा लांब बोल. तेवढ्यात मी मनाची तयारी करतो."

तर हे ते कारण.

बाई, तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते काम आमच्या ह्यांच्यावर सोपवते. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि घड्याळाकडे बघूनही मला न थांबवणाऱ्या सेक्रेटरीसाहेबांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, काही उणंअधिक झालं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला.

मेकॅनिकदादा, सामानाची लिफ्ट मागवा. ताई, तुम्हीही त्या पहिल्या रांगेतून उठा, चला, तुमच्या घरी चहाचं आधण तुम्हालाच ठेवायचंय.

मी थांबते आता. ते उठून उभे राहिलेत.