पेकनच्या झाडाखालची जागा

कुसुमकाकू, इथे जमलेले सगळे काका, काकू, मित्रमैत्रिणींनो, आणि शेवटच्या रांगेत बसलेले, तळ्याकाठचे आपले शेजारी अर्ल. अर्ल, तुम्हाला आमची भाषा येत नाही. तरी टाय लावून आलात. काकांना तो टाय बघून हसू आलं असतं.

मी लिहून आणलं होतं. पण इथे येताना गाडीत एकदा वाचलं आणि सगळं खोटं वाटलं. म्हणून सुचेल तसं बोलते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी स्वाती. अकोल्याची. माझे बाबा शिंपी आहेत, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. नोकरीसाठी ह्यूस्टनला आले तेव्हा या शहरात माझं कुणी नव्हतं. वसंतकाका आणि काकूंनी जवळच्या शुगर लँडमधल्या त्यांच्या घरी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं आणि ताट वाढता वाढता काकांनी विचारलं, "तंबू ठोकता येतो का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग शनिवारी सात वाजता तयार राहा."

त्यांनी मला नेलं तो तळ्याकाठचा कॅम्पग्राऊंड, आपला पार्क, तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी सांगते. तिथली मेंबरशिप एकदाच विकत घ्यायची, दरवर्षी वर्गणी भरायची, आणि मग जन्मभर त्या तळ्याकाठी तंबू लावायचा, नाहीतर आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, उभी करायची. जमीन आपली नाही. पण तिथे जाण्याचा हक्क आपला. काका पहिले मेंबर झाले. मग त्यांच्या मागून एकेक करत आपण.

काकूंना कार्तिकात आवळीभोजन करायचं होतं. आता टेक्सासमध्ये आवळीचं झाड कुठून आणणार? काका म्हणाले, "झाड आहे, सावली आहे, फळ खाली पडतं. अजून काय पाहिजे?" आणि पेकनचं, अक्रोडासारख्या फळाचं, झाड ठरलं. काकूंनी खोडाला हळदकुंकू लावलं, तेव्हा पार्कच्या जुन्या मालकीणबाई धावत आल्या होत्या. झाडाला काही रोग झालाय का, म्हणून विचारायला. त्या पुरीभाजी खाऊन गेल्या आणि पुढच्या वर्षी स्वतःहून आल्या.

माझी मेंबरशिप काकांनीच मिळवून दिली. एक म्हातारं जोडपं टेक्सास सोडून चाललं होतं, त्यांची माझ्या नावावर करून घेतली. मी फोन कार्ड काढून आईला सांगितलं, "आई, तळ्याकाठी जागा मिळाली. जन्मभर." आई म्हणाली, "आणि मालक बदलला म्हणजे?"

आमचं दुकान भाड्याचं होतं. मालक बदलला, आणि नव्या मालकाने बाबांचं शिलाई मशीन रस्त्यावर आणून ठेवलं. त्यामुळे आईला दुसरं काही सुचलंच नाही.

मी हे काकांना हसत हसत सांगितलं. काका हसले नाहीत. पुढच्या खेपेला ते करारपत्र घेऊनच आले, आणि झाडाखाली सगळ्यांसमोर मला म्हणाले, "ग्रॅज्युएट बाई, हे मोठ्याने वाचा." मी वाचलं. पार्क विकला गेला तरी मेंबरांचा वापराचा हक्क तसाच राहील, नव्या मालकाला तो मान्य करावा लागेल, असं साध्या इंग्रजीत होतं. काका म्हणाले, "आईला कळवा." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "तुमच्यापैकी किती जणांनी हे वाचलंय?"

कुणीच वाचलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "काका, तुम्ही आहात ना. काका बघतील."

आठवतंय ना? आपलं ठरलेलं वाक्य होतं ते. स्टोव्ह पेटत नाही, काका बघतील. वर्गणी वाढली, काका बघतील. पार्कच्या ऑफिसातून पत्र आलं, उघडू नका, काका बघतील. एकदा ते चिडले होते. "अरे, काका मेल्यावर कोण बघणार?" आपण सगळे ओरडलो, "असं नका बोलू काका!" आणि कुणीतरी त्यांच्या ताटात आणखी एक भजी टाकली.



मागच्या वर्षी पार्क खरंच विकला गेला. नव्या मालकांना तिथे रोजच्या भाड्याची केबिन्स बांधायची आहेत. झाडं त्यांच्या आड येतात, आणि आपणही. त्यांचा मॅनेजर आला, गोड बोलला. नवीन करारावर सही करा, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच, आणि वर एक बार्बेक्यू ग्रिल फुकट. सगळं पूर्वीसारखंच असेल तर ग्रिल कशाला, असं काकांनी विचारलं. त्या नव्या करारात जुना हक्क सोडून दिल्याचं एक वाक्य होतं.

आपल्यातल्या काहींनी सह्या केल्या. मी दोष देत नाही. खरंच नाही. कुणाला वाटलं, काकांनी बघितलंच असेल. कुणाला वाटलं, लफडं नको यार, ग्रीन कार्ड अडकलंय. मलाही तेच वाटतं. आत्ता इथे उभी आहे तरी वाटतंय.

आणि मग कार्तिक आला. आपण डबे घेऊन पोचलो तर गेट उघडायचा नंबर बदललेला. आत फोन केला, तर म्हणे ज्यांनी सही केली नाही त्यांच्या मेंबरशिपचा विचार चालू आहे. मुलं गाडीत भुकेली. झाड समोर दिसत होतं. मला वाटलं, झालं, आता आमचं मशीन रस्त्यावर.

काकांनी काय केलं? डिकीतून फोल्डिंग खुर्च्या काढल्या. गेटबाहेरच्या गवतावर मांडल्या. काकूंना म्हणाले, "वाढ." काकूंनी तिथूनच झाडाकडे बघून हात जोडले आणि पुऱ्या वाढायला घेतल्या. थोड्या वेळाने अर्ल आतून आपली खुर्ची घेऊन चालत आले. ते सही न करताच आत होते, कारण आदल्या दिवसापासून बाहेरच पडले नव्हते! ते आपल्या शेजारी बाहेर बसले, आणि मग त्यांनाही आत जाता येईना.

त्या दिवशी काका म्हणाले, "भांडायचं नाही. पण उठायचंही नाही." पुढच्याच आठवड्यात ते एका वकीलबाईंकडे गेले आणि नव्या मालकांवर दावा लावला. दाव्यात सगळ्यात वर त्यांचं नाव आहे.

येत्या गुरुवारी कोर्टात तारीख आहे. आणि काका नाहीत.

आत येताना मला दोघांनी सांगितलं, शोकसभेत हा विषय काढू नकोस. बरोबर आहे त्यांचं. मी नसता काढला. पण काकू काल म्हणाल्या, "स्वाती, फुलं सगळेच आणतील. तू गुरुवारचं बोल." हॉस्पिटलमध्ये काकाही तेच बोलत होते. नाकाला नळी होती आणि मला विचारत होते, "कोर्टाच्या वाटेच्या नकाशाची प्रिंट काढलीस का? गाडी कोण चालवणार? त्या प्रशांतला देऊ नकोस, तो एक्झिट चुकतो."

काकूंचं नाव आता काकांच्या जागी लागेल. पण वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात एकटी विधवाच दिसली तर समोरचे म्हणतील, बाकीच्यांना काही हरकत नाही. मी त्यांना विचारलं, आमच्या व्हिसाला धक्का लागेल का? पुन्हा पुन्हा विचारलं, त्या वैतागेपर्यंत. त्या म्हणाल्या, "विकत घेतलेला हक्क कोर्टात मागणं हा गुन्हा नाही." ज्यांनी सह्या केल्या, त्यांनीही यावं, आपल्याला काय सांगितलं गेलं ते सांगावं, असं त्या म्हणाल्या.

हे ऐकूनही माझी भीती गेली नाही. रात्री झोप लागत नाही. आपण हरलो तर? मॅनेजरने माझ्या ऑफिसात फोन केला तर? मला माहीत नाही. इतकंच माहीत आहे, की माझे बाबा दुकानातून निघाले तेव्हा आळीतले सगळे खिडकीत उभे होते. चांगली माणसं होती. कुणी खाली आलं नाही.

आता आपण काकांसाठी उभे राहू. दोन मिनिटं शांत. त्यांना काय म्हणायचंय ते ज्याने त्याने मनात म्हणावं.

दोन मिनिटं झाली की काकू खाली बसतील, त्यांचे पाय दुखतात. ज्यांना गुरुवारी येणं जमणार नाही, त्यांनीही बसावं. खरंच, कुणी काही म्हणणार नाही. पण जे येणार आहेत त्यांनी बसू नये. हात वर करायला नको, बोलायला नको. नुसतं उभं राहा. काकूंना मोजता येईल.

मी उभी राहीन.

काका, खुर्च्या गाडीत ठेवल्या आहेत. नमस्कार करते.

उठूया.