काकांची चाकं पाच वर्षं टिकली

टायरच्या दुकानात पंक्चरसाठी नंबर लावून बसलो होतो. शेजारी काका-पुतणी, दोघंही ट्रॅकवर गाड्या पळवणारे. मध्ये तिचं तडा गेलेलं चाक.

"काका, तुमचं ऐकून ही स्वस्तातली चाकं घेतली. दुसऱ्याच रेसला तडा!"

"माझी पाच वर्षं टिकलीत. साधा ओरखडा नाही."

"याच कंपनीची?"

"हीच. तू वळणावर कडेच्या उंचवट्यावरून गाडी नेतेस का?"

"सगळेच नेतात. वेळ वाचतो."

"मी नाही नेत. मी वळणाचा मान ठेवतो."

"आणि ब्रेक?"

"लांबूनच. वळणाला आधी कल्पना द्यावी."

"काका, तुम्ही कितवे येता हो?"

"विषय चाकांचा चाललाय."

"कितवे?"

"शेवटून पहिला. सातत्य बघ."

"अहो, मला रविवारी जिंकायचंय! हे एकच बदललं आणि गाडी जोरात पळवली, तर उरलेली तीन टिकतील का? खरं सांगा."

"नाही टिकणार. चारही बदल, दणकट घे."

"शेवटचे येता, आणि इतकं ठामपणे सांगता?"

"म्हणूनच सांगतो. सगळ्यांची चाकं माझ्या डोळ्यांसमोरून जातात. काही गाडीसकट, काही एकटीच."